खालचं खाचर आणि कोळशाची खाण

आबा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही निवलेला नाही. अजून डोळ्यापुढे येतं: आपल्या पासली गावातल्या घरात आई चुलीपुढे भाकरी थापतेय आणि तुम्ही दारातूनच सांगताय, "खालचं खाचर दिलं. पुण्याचे पाव्हणे बंगला बांधणार हायेत." आईचा हात परातीतच थांबला. "रोपं लावणीला आलीत. आदी इचारायचं तरी," ती म्हणाली. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. "बाईमाणसाला काय इचारायचं त्यात?" त्या चिखलात कंबर मोडेस्तोवर भात लावला तो तिनं. तुम्ही बांधावर उभे असायचात.

मी आता परमुलखातल्या एका बेटावर असते. इथं कोळशाची उघडी खाण सुरू झालीय. वरची माती खरवडून कोळसा काढायचा, नदीतून समुद्रापर्यंत न्यायचा आणि जहाजात भरून दुसऱ्या देशांना विकायचा. त्यासाठी लोकांच्या जमिनी मिळवायच्या, हे माझं काम. एका घरात नवरा सही करायला तयारच बसला होता. मी कागद बाजूला ठेवला, आत गेले आणि मोडक्यातोडक्या भाषेत त्याच्या बायकोला विचारलं. "नाही द्यायची," ती म्हणाली. "रबराची झाडं मी लावलीत."

साहेब माझ्यावर भडकले, पण मी हटले नाही. मग त्यांनी तिची जमीन सोडून तिन्ही बाजूंनी खणायला घेतलं. सुरुंग उडाला की तिचं घर हादरायचं. अंगणात वाळत घातलेल्या भातावर काळी धूळ बसायची. वर्षभरात ती स्वतःच ऑफिसात आली. "आण कागद," एवढंच म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तुम्ही आज असतात तर म्हणाला असतात, "मंग? झालं न्हवं तेच?" नाही आबा. तिला विचारलं होतं. तिला 'नाही' म्हणता आलं, वर्षभर का होईना. आईला तेवढंही मिळालं नाही. हे मी स्वतःला रोज बजावते, आणि रोज मधेच तुमचं ते हसू आठवतं. त्यानं तुमचा आणखीच राग येतो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि कुणाला दाखवायचंही नाही. आई फोनवर विचारते, "तिकडं काय काम करतीस गं?" मी म्हणते, ऑफिसात बसते. त्यापुढे मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.