औरंगाबादची सून

१२ ऑगस्ट
प्रकाशच्या दुकानात आज दहावा दिवस. दुकान म्हणजे हैदराबादच्या अफझलगंजात जिना चढून एक खोली, एक कॉम्प्युटर, बाकी शालींचे गठ्ठे. कारखान्यात तो स्टोअर्सला होता, मी टायपिंगला. कारखाना बंद झाला तेव्हा दोघांना एकाच दिवशी लिफाफे मिळाले. त्यानं धंदा मांडला. मी आईचं करत बसले. मार्चमध्ये आई गेली. तेव्हापासून चिक्कडपल्लीच्या दोन खोल्यांत मी एकटीच. प्र.नं बोलावलं नसतं तर दिवसभर तोंड उघडायला कारण नव्हतं.
काम सोपं आहे. इंटरनेटच्या बाजारात तो शाली विकतो. गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं मी द्यायची.

१३ ऑगस्ट
शाली पंजाबातून येतात, यंत्रावरच्या. साइटवर मात्र 'हातमागाची हिमरू, थेट विणकराच्या घरून. माल निघण्याचं ठिकाण: औरंगाबाद.' विचारलंच.
"अक्का, हिमरू म्हटलं की औरंगाबाद. हैदराबाद लिहिलं तर कोण घेईल? समोरच्या जिन्यावर एकजण काश्मीरचं केशर विकतो. काश्मीर बघितलंय का त्यानं? नक्को टेन्शन घेऊ."
पत्राखाली सही काय करू?
"सुलभा. विणकराची सून."
हसला. मीही हसले. सत्तेचाळिसाव्या वर्षी सून झाले.

२ सप्टें.
इंदूरच्या एका बाईंचं पत्र. कमलाबाई, वय चौऱ्याहत्तर. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. एका बोटानं स्वतः टाइप करतात म्हणे. माहेर औरंगाबादचं, लग्न होऊन गेल्या त्या गेल्याच. 'शाल हातात घेतली आणि माझी आई आठवली. तुमच्याच घरी विणली ना? घरी कोण कोण असतं?'
एरवी मी दोन ओळी लिहिते. आज पान भरलं. सासूबाई आहेत, गुडघे धरलेत, तरी पहाटे उठून देवाची भांडी स्वतःच घासतात. हे सकाळी मागावर बसतात. फार बोलत नाहीत.
कुठून सुचलं कोण जाणे. प्र.नं वाचलं नाही, पाठवून दिलं.

९ सप्टें.
क.बा.चं उत्तर. सासूबाईंना वाळूच्या पुरचुंडीनं शेक द्या. गुलमंडीवर अजून भाजीवाल्या बसतात का?
औरंगाबाद मी एकदाच पाहिलंय, आठवीच्या सहलीत. पाणचक्कीचं पाणी आठवतं आणि बसमध्ये कोणीतरी ओकलं होतं ते. लिहिलं, 'गर्दी फार वाढलीय हो आता.' कुठल्याही गावाला चालतं.

२५ सप्टें.
रविवार. अंबरपेठेला दादाकडे. स्नेहा, त्याची मुलगी, मला निरखून म्हणाली, "आत्या, लय खूश दिसतेस. क्या बात है?"
"मैत्रीण झालीय."
"कुठं राहते?"
"इंदूरला."
दादा टीव्हीसमोरून हलला नाही. चहा घेऊन निघाले.
घरी कुकर लावताना मनात आलं, सासूबाईंना मऊ भात लागतो. पाणी जास्त पडलं.

८ ऑक्टो.
क.बा. पडल्या. मनगट प्लास्टरमध्ये. तरी डाव्या हातानं चार ओळी लिहिल्यात. मुलगा-सून दोघं कामावर जातात. 'दिवसभर घरात घड्याळ आणि मी.'
तीनदा वाचलं. लिहावंसं वाटलं, माझ्याकडेही तसंच, मी तर घड्याळाला किल्ली द्यायचंही सोडलंय. पण सुलभाचं घर भरलेलं. तिला हे कसं कळणार?
लिहिलं: काळजी घ्या, सासूबाई तुमची चौकशी करतात.

१ नोव्हें.
क.बा.नी आणखी चार शाली मागवल्या, गेल्या आठवड्यात पोचल्या. आज पत्र. भाच्याच्या मुलीचं लग्न, २ डिसेंबरला, औरंगाबादेत. 'लेक सोबत आहे. लग्न आटोपलं की तुमच्या घरी येईन. माग बघेन. सासूबाईंशी बोलायचंय. पत्ता नीट कळवा.'


२ नोव्हें.
प्र.ला सांगितलं.
"लिही, सासू गेली. सुतकाच्या घरी परकं माणूस येत नाही."
"नाही लिहिणार."
"मग लिही गाव सोडलं."
"प्रकाश, मी खरं लिहिणार आहे."
तो सुतळी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "अक्का, तिनं साइटवर तक्रार केली तर दुकान बंद. गावची जमीन इकून टाकलंय यात. पोरींच्या शाळा आहेत. कायकू असं करते?"
तो चुकीचं बोलत नाही. कारखाना सुटला त्या दिवशी यानंच मला रिक्षानं घरापर्यंत सोडलं होतं, वर येऊन आईला पाणी दिलं होतं.
आठ दिवस दे म्हणाला. दिले.

६ नोव्हें.
प्र. बाहेर गेला होता. टाइप करून पाहिलं: 'सासूबाई परवा गेल्या.'
मार्चमध्ये हेच वाक्य मी कार्डांवर लिहिलं होतं, बावीस नातेवाइकांना, फक्त 'आई' असं. पहाटे देवाची भांडी घासणारी बाई एकच होती. तिला दुसऱ्यांदा कशी मारू?
खोडलं.

७ नोव्हें.
आठ दिवस थांबले नाही. दुकानात गेलेच नाही. घराजवळच्या नेट कॅफेत बसून लिहिलं, स्वतःच्या नावानं.
मी मीनाक्षी. सुलभा कोणी नाही. लग्न झालेलं नाही. शाली पंजाबातल्या, यंत्रावरच्या, निघतात हैदराबादहून. घर, माग, नवरा, सगळं खोटं. सासूबाई म्हणून लिहिलं ती माझी आई, ती या मार्चमध्ये गेली. शाली परत पाठवा. धंदा दुसऱ्याचा आहे, पत्रं मी लिहिली, राग माझ्यावर धरा. खाली घरचा फोन नंबर.
माफ करा लिहिलं, मग वाटलं हे फार स्वस्त, पण पुसलं नाही.
तिथून सरळ प्र.कडे.
"हौ. केलंस ना शेवटी." मग गठ्ठा बांधायला घेत, "येऊ नको असं मी म्हणणार नाही. पण पत्रं आता मी लिहीन."
मग मी येऊन करणार काय? दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली. त्यानं उचललीही नाही, परतही दिली नाही.

८ नोव्हें., ९, १०
कॅफे. काही नाही.

१५ नोव्हें.
प्र.चा फोन. इंदूरहून चारही शाली परत आल्या. आत चिठ्ठी नाही. साइटवर तक्रारही नाही. आवाज मोकळा वाटला त्याचा.
"पहिली शाल?"
"ती नाही आली. चारच."
"साइटवरचं ठिकाण बदललंस का?"
"बघतो."
म्हणजे नाही.

२१ नोव्हें.
कॅफेतल्या बाई आता मला बघून मानच हलवतात. आज दिवसभरात कोणाशीही बोलले नाही, हे संध्याकाळी दूधवाल्याला 'अर्धा' म्हणताना लक्षात आलं. घसा बसल्यासारखा आवाज निघाला.
पहिली शाल का ठेवली असेल? रागानं फेकूनही दिली असेल.

२ डिसें.
आज लग्न. सकाळपासून उगाच तेच. आता अक्षता पडल्या असतील, आता पंगत.
चारच्या सुमारास फोन. बाहेरगावचा, लांब रिंग. पलीकडे बँड, बायकांचा गलका. मी दोनदा हॅलो म्हणाले. मग एकदम जवळून एक म्हातारा आवाज, थोडा कापरा.
"मीनाक्षी आहेत का?"
"बोलतेय."
"काय? ऐकू येत नाही, वाजवतायत मेले..."
"मी मीनाक्षीच बोलतेय!" ओरडलेच. खाली अंगणात घरमालकीण दोरीवरचे कपडे काढत होती, तिनं वर बघितलं.
पलीकडे कोणीतरी म्हणालं, 'आई, चल, फोटोला थांबलेत.' क.बा. 'थांब गं' म्हणाल्या. त्या 'थांब गं'मध्ये राग होता की काय होतं, कळलं नाही. तेवढ्यात लाइन तुटली.
त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. फोनची वायर ओढून तो आतल्या खोलीत आणलाय. सात वाजले. भात फोनशेजारी बसून खाल्ला. मध्ये एकदा रिसीव्हर उचलून पाहिला, चालू आहे.