मल्लू, तुझा चेहरा जमेना

प्रिय मल्लू,

पाटीवर पेन्सिल करकरायची, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. मी शाळेच्या पुस्तकातली कविता चालीवर म्हणायचो आणि तू ती लिहून घ्यायची सोडून तिच्यातली पाखरं काढत बसायचास. कर्र कर्र! तुझी आई कानांवर हात ठेवायची. आज तुझ्या कॉम्प्युटरसमोर बसलोय, तर माउस नुसता टिकटिकतो. रेघ उमटते, पण जीव लागत नाही तिच्यात. म्हणून कागद ओढला. तुला नाही सांगायचं तर कुणाला?

रविवारी तुझं पहिलं पुण्यस्मरण. चौकात बॅनर लावायचा म्हणतात तुझे मित्र. साऱ्या गावाचे बॅनर तू केलेस, टेंभुर्णीहूनसुद्धा माणसं यायची. आणि तुझा स्वतःचा एक धड फोटो नाही रे, पोरा! असं कसं केलंस? लग्नातला आहे, पण मुंडावळ्यांमागे दडलेला. सुवर्णा म्हणाली, "तो नको, अप्पा. त्यात हे कुणीतरी पाव्हणे वाटतात." बायकोच असं म्हटल्यावर तो बाजूला ठेवला.

उरला मोबाइलमधला. चहाच्या गाड्यावर हसतोयस, तो. एवढासा. मोठा करायला गेलो की गाल चौकोन चौकोन होऊन फुटतात. तूच सांगायचास ना, "अप्पा, फोटो फुटतो. रेघांनी काढलेलं चित्र कितीबी ताणा, फुटत नाही." तेच धरून बसलोय. फोटो खाली ठेवायचा, तो हलू नये म्हणून लॉक करायचा आणि वरून पेन टूलनं, बिंदूला बिंदू जोडत, चेहरा गिरवायचा.

दुसऱ्या दुकानात द्यावं, तर ते मुंडकं कापून कोटावर चिकटवतात. तूही तेच करायचास, लबाडा! सोलापुरातल्या निम्म्या मेलेल्या माणसांना तू एकच निळा कोट घातलास. होटगीच्या त्या पटकेवाल्या आजोबांनासुद्धा! त्यांचा नातू बॅनर बघून म्हणाला होता, "आमचं आज्जा कवा सायब झालं?" किती हसलो होतो आपण! पण तुला त्या कोटात नाही बघवणार मला.

सगळं व्हिडिओ बघून शिकतोय. मला पाठांतराशिवाय दुसरं काय येतं? "टोकाला बिंदू, वळणाला बिंदू, मधे नको रे मधे नको" असं चालीवर म्हणतो. सुवर्णा स्वयंपाकघरातून हसते. पाठ झालंय, हाताला येत नाही. बिंदू कमी ठेवले की कुणी गुळगुळीत परका माणूस होतो. तुझं काही निसटू नये म्हणून जास्त टाकले, तर हनुवटीची करवत होते. त्या बिंदूला रेघ वळवायच्या दोन दांड्या फुटतात ना, एक ओढली की दुसरीही हलते. ओठ सरळ करावा, तर हसू जातं!

नाक तर नाहीच. काल वाटलं, जमलं. सुवर्णाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, बघत राहिली.

"अप्पा, हे तुम्हीच आहात की."

खरंच रे. माझंच नाक, माझेच ओघळलेले गाल. तुला म्हातारा व्हायला वेळ नाही मिळाला, मीच म्हातारा करून ठेवलं तुला.

मन मोकळं करू? भीती बॅनरची नाही. पूर्वी डोळे मिटले की तू सरळ समोर यायचास. आता मी काढलेली ती चुकलेली तोंडं मधे येतात. गिरवता गिरवता पुसतोय का रे मी तुला? थांबावं, तर रविवार आला. करत राहावं, तर तू जातोस. काय करू, सांग ना!

एवढंच वचन देतो: तुझ्या नावावर दुसऱ्याचा चेहरा चौकात चढू देणार नाही. नाहीच जमलं, तर नुसतं नाव लावू, ठळक अक्षरांत. ते तरी मला बिनचूक येतं.

तुझा,
अप्पा

ता. क. कागदाची घडी घालत होतो, तर दार वाजलं. समोरच्या बॅनरच्या दुकानातला श्रीनिवास! तुझी गणपतीची नक्षी उचलली म्हणून ज्याच्याशी तू भर रस्त्यात भांडायचास, शेवटी बोलणंही टाकलंस, तोच. चपला काढून उंबऱ्यात उभा. त्यानं तिथूनच स्क्रीनकडे पाहिलं.

"सरका जरा, काका. नाकाचं मला विचारा. भांडताना लई जवळनं बघितलंय."