चऱ्हाटाला इंग्रजी शब्द

नागपूर, १२ मे १९७८

प्रिय ललितास सप्रेम जयभीम.

मी खुशाल आहे. इथलं जेवण तिखट आहे, पण घसा शाबूत आहे. आईचा खोकला कसा आहे? पाण्याला ओढ्यावर एकटी जाऊ नकोस.

आपल्या वस्तीच्या विहिरीसाठी मोर्चा काढावा, असा ठराव काल मी परिषदेत मांडला. फ्रान्सपासून रशियापर्यंत सगळ्या क्रांत्या सांगितल्या. मी व्यासपीठावरून खाली उतरताना अध्यक्ष पुटपुटले, "रिगमरोल!" मला ते तोफेचं नाव वाटलं. मी छाती काढून आभार मानले, वर चौघांना कौतुकाने सांगितलंही.

आज शब्दकोश पाहिला. रिगमरोल म्हणजे चऱ्हाट! भात वाढून तू म्हणतेस ना, "आवरा आता, निवतोय," तेच.

हसू नकोस. ठराव एकमताने मंजूर झाला. पुढच्या महिन्यात मोर्चा महाडच्या कचेरीवर निघेल. विहीर मिळवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा कोणता मुद्दा पटला, असं मी इथल्या एका कार्यकर्त्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, हात वर केल्याबिगर तुम्ही थांबत नव्हते ना!"

सर्वांना जयभीम सांग.

तुझा,
चंद्रकांत