घागरवाली मीच

६ जानेवारी, सोमवार
पहिली आली पंचफुला. पाहुणे माझे, पण आटोचा आवाज ऐकून धावली ती. माझी धाकटी जाऊ, भिंतीपलीकडं राहते, तिले वासच येते. तिच्या मागून पाहुणे उतरले. अकोल्याची रश्मी, देवमन मास्तरांची नात, आन श्याम म्हणून एक चष्मेवाला. जुन्या कार्टूनचे छाप जमा करते म्हणे.

मास्तर म्हणजे ड्रॉइंगमास्तर. आमी दोघी जावा चांदूर रेल्वेले होतो तवा शेजारी राहत. अकोल्याच्या एका साप्ताहिकात दर हप्त्याले त्यांचं कार्टून ये. मधात भाषण ठोकणारा ढोल पुढारी, आन कोपऱ्यात डोक्यावर घागर घेतलेली एक बारीक, मुकी गरीब बाई. ती बाई म्हणजे मी. मास्तरांनी कधी सांगितलं नाही, पण मले समजते. म्हणून तर एकेचाळीसच्या एकेचाळीस कार्टूनं कापून साडीच्या खोक्यात ठेवली.

रश्मी म्हणे, आजी, छापखान्यातले ठसे भंगारात गेले, अंकांले वाळवी लागली, आता सगळी चित्रं फक्त तुमच्याजवळ आहेत. अकोल्याले प्रदर्शन भरवणार आहे. मी म्हनलं, न्या, पण चित्राखाली माझं नाव पाहिजे, गोदाबाई. नाव नाही तं खोका नाही. ती म्हणे, मास्तरांची वही पाहून सांगते, मंग फोटोही काढू.

श्याम माझ्या तोंडाकडं लय वेळ पाहत होता. ओळखलं असन.
पंचफुला गप. जळून राहिली.

७ जानेवारी, मंगळवार, सकाळ
ठराव केला. अर्धीच भाकर खायची, चित्रातल्यासारखं दिसलं पाहिजे. तशी मी बारीकच आहे, सुती लुगडं फुगते. कमी बोलायचं. आन गल्लीत कोणाले सांगायचं नाही.

दुपार
सुनेनं, भावनानं, पातोडीचा रस्सा केला. अर्ध्या भाकरीत एवढा रस्सा संपत नाही, वाया जाते. अडीच खाल्ल्या.

संध्याकाळ
माणिकबाईले सांगितलं. तिले सांगणं म्हणजे गल्लीत सांगणं नाही. ती कोपऱ्यावर राहते.

९ जानेवारी, गुरुवार
सात बाया अकोल्याले येतो म्हणतात. माणिकबाईच्या पोटात काही राहत नाही. अशी सवय वाईट.

खोका उघडून बसली. साप्ताहिक आमचे मालक, नत्थुजी, आणत. कार्टून पाहून इतके हसत का डोळ्याले पाणी. एकडाव चित्राकडं पाहत, एकडाव माझ्याकडं, आन पुन्हा हसत. लय प्रेमळ होते. आता नाहीत.

मास्तरांनी मलेच काहून काढलं? माझ्या शांत स्वभावापायी. ते शाईचे ब्रश सरकारी नळावर धुवत, घागरीत काळं पाणी ये. मी एकच डाव समजावून सांगितलं, हळू आवाजात. स्टेशनावरचे लोक पाहाले आले, ते गाडी लेट होती म्हणून.

११ जानेवारी, शनिवार
पितळेची घागर चिंचेनं घासली. डोक्यावर घेऊन आरशासमोर उभी राहिली. मान अवघडली. भावना म्हणे, आई, बोट खाली घ्या, मी काही केलं नाही. मी बोट उचललंच नव्हतं.

पंचफुलानं दारातून विचारलं, घागर जरा पाहू द्या. मी म्हनलं, फोटोत पाहजो.

१२ जानेवारी, रविवार
पाहुणे आले. गल्लीही आली, घरात पाय ठेवाले जागा नाही.

रश्मीनं वही काढली. पिवळी पानं, पेन्सिलीची चित्रं. म्हणे, आजी, तुमचं नाव खरंच आहे. मी सगळ्या बायांकडं पाहून घेतलं. मंग ती थांबली. श्यामले म्हणे, तू वाच. श्याम म्हणे, तूच. मी म्हनलं, वाचा ना बाप्पा कोणीतरी.

तिनं वाचलं, "घागरवाली, पंचफुलाबाई. पुढारी, नाक, हनुवटी आणि उचललेलं बोट गोदाबाईंचं. नळावरचं भाषण ऐकून सुचला."

कोणी हसलं नाही. हसले असते तं बरं झालं असतं.

मी उठली. म्हनलं, मास्तरांनी खालचं वर लिहिलं असन, मी उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नाही. म्हणता म्हणता पाहते तं बोट वर. श्यामनं हळूच पुढाऱ्याचं चित्र माझ्या तोंडाजवळ धरलं. तवा हसले सगळे. भावना तं खालीच बसली.

पंचफुला मात्र हसली नाही. जवळ येऊन म्हणे, "जाऊबाई, मले तवाच माहीत होतं. तुमी इतक्या खुशीत कापत होत्या, म्हणून नाही बोलली."

रश्मीनं विचारलं, नाव टाकू का राहू देऊ? विचार करून सांगते म्हनलं.

संध्याकाळ
विचार केला. घागरवाली कोपऱ्यात, बोटाएवढी. पुढारी मधात, अर्ध्या चित्रभर. एकेचाळीस हप्ते त्यानं खुर्ची सोडली नाही. भाषणात दम असल्याबिगर मास्तर कायले काढते? फोन करून सांगितलं, टाका नाव, मोठ्या अक्षरात. पंचफुलाचंही टाका, तिच्या मापाचं.

तशी मले पहिल्यापासून शंका होतीच.

नत्थुजींशी मात्र वर गेल्यावर बोलायचं आहे. हळू आवाजात.

पंचफुला फोटोसाठी घागर मागाले आली. दिली. घासलेली होती, तिच्याच कामी आली.

अर्धी भाकर बंद. पुढारी बारीक दिसून कसं चालन.

पाहुणे शुक्रवारी, २४ तारखेले, खोका न्याले येतो म्हणाले.