अण्णांचा शिकारीचा कोट

रविवार, १ डिसेंबर १९६८
अण्णांच्या शिकारीच्या तयारीस आज विधिपूर्वक प्रारंभ. दर डिसेंबरात ते परवाना काढून मीरासाबकाकांच्या जीपमधून आंबा घाटाच्या रानात सांबराला जातात. यंदा खोकला आहे, परंतु तो हवेचा आहे. ट्रंक उघडली. लोकरीचा खाकी कोट, कानटोपी, पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या, बूट. सर्व सुस्थितीत.
निश्चय: तयारी संपूर्ण माझ्याकडे. शिवाय अण्णांच्या छातीच्या एक्स-रेत काय निघाले, ते डॉक्टरांना मी स्वतः विचारणार.

गुरुवार, ५ डिसेंबर
दवाखान्यात गेले. गर्दी होती. (एक आजोबा आणि त्यांची नात.) अशा वेळी डॉक्टरांना व्यत्यय आणणे अनुचित. औषधाची बाटली घेऊन परतले.
अण्णांना कोट घालून पाहिला. खांद्यांवरून उतरतो. जुनी लोकर सैल होते, असे कुठेतरी वाचल्याचे स्मरते. माई म्हणाली, कोट होता तेवढाच आहे. माईला या विषयात गती नाही.

रविवार, ८ डिसेंबर
कोट दोन्ही अंगांनी आत घेतला. शिवणीत कापड भरपूर राखले आहे. रानातल्या हवेने अण्णा भरले की उसवता येईल.
बी.ए.च्या टिपणांना आठवडाभर हात लावलेला नाही. मॅट्रिकला जिल्ह्यात पहिली आलेल्या मुलीला एवढी सवलत असावी.

बुधवार, ११ डिसेंबर
मीरासाबकाका आले. कोटाला डांबरगोळ्यांचा वास मीच मुद्दाम मुरवला होता. काका तो हुंगून म्हणाले, "ह्या वासानं सांबार थेट कोकणात उतरंल की, ताई." अण्णा फार हसले. हसता हसता खोकला लागला, तो बराच वेळ राहिला. काकांनी टोपी काढून हातात धरली.
निघायचे कधी, असे मी विचारले. काका अण्णांकडे पाहू लागले. शनिवारी, एकवीस तारखेला, दुपारी चारला, असे अण्णाच म्हणाले. काकांनी खाली पाहत मान हलवली. वय झाले की तारखा ध्यानात राहत नाहीत.
कपडे गच्चीवर उन्हात टाकले.

रविवार, १५ डिसेंबर
बूट मोठे होतात. दोन जोड मोजे घालावेत. थंडीच्या दृष्टीनेही ते हितकरच.
पांढरा मफलर विणून झाला. पांढरे जनावराला लांबून दिसते, असे अण्णांनी हळूच सांगितले. चहाच्या पाण्यात बुडवला. रंग अपेक्षेप्रमाणे आलेला नाही, पण अण्णा म्हणाले, झकास.
माई हल्ली घासलेली भांडी पुन्हा घासते.

गुरुवार, १९ डिसेंबर
बिंदू चौकात डॉक्टर समोरून आले. उत्तम संधी. मी पुस्तकांच्या दुकानात शिरले. एक शब्दकोश पाहायचा होताच. त्यांना शनिवारनंतर विचारीन. प्रस्थानापूर्वी मन विचलित नको.

शनिवार, २१ डिसेंबर
चारच्या आधीच अण्णांना सजवले. पट्ट्यांचे वेढे यंदा संपता संपेनात. मग कोट, मफलर, कानटोपी. सोप्यात खुर्चीवर बसले. डोळे किंचित मिटून पाहिले तर अगदी पूर्वीचे अण्णा.
जीप आली नाही. काकांच्या पत्नी रोशनबीकाकू आल्या. हातात पळसाच्या पानांत बांधलेला पुडा. रानातून परतले की आधी सोबत्यांच्या घरी वाटा, मगच आपली चूल, असा काकांच्या टोळीचा रिवाज. सांगत आल्या, माणसे सकाळीच परतली, अण्णा यंदा गेले नसले तरी वाटा त्यांचा आहेच. मग त्यांना कोट दिसला, पट्ट्या दिसल्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला.
अण्णांना मागे टाकून गेलेल्या काकांच्या कृतघ्नपणाविषयी मी बोलू लागले. मोठ्याने. असे मी कधी बोललेले नाही. अण्णांनी हात वर केला.
"मीच जावा म्हणालो त्यास्नी. म्हटलं, पोरीचं शिवून तरी होऊ दे."
एक्स-रेतले त्यांना दिवाळीपासूनच ठाऊक आहे. माईलाही. मला कुणी सांगायचे, एवढ्यावर दोघांचे अडले होते.
माईने रस्सा केला. अण्णांनी दोन चमचे घेतला आणि चांगला झालाय म्हणाले. मी पट्ट्या सोडायला खाली बसले.
"ऱ्हाऊ दे जरा," अण्णा म्हणाले. "ऊब लागतीया."
राहू दिल्या.