लहान आकारातला चेहरा

१२ जानेवारी
मुलुंड सोडून बोरीवलीत आले एकदाची! ऑफिस म्हणजे सोसायटीतला टू-बीएचके, पण खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं दिसतात, चहात आल्याची कंजुषी नाही आणि बॉस देवदत्त पहिल्याच दिवशी सरळ मृणालिनी म्हणून हाक मारतो. ही मंडळी शाळांतल्या संगणकांसाठी 'ओसरी' नावाची लिनक्स प्रणाली बनवताहेत, विंडोजसारखीच, पण फुकट. तिचं रूप मी ठरवायचं: वॉलपेपर, आयकॉन, लॉगिनचा पडदा. इथलं सगळं काम खुलं. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. एकदा दिलेलं परत मागायचं नाही. मी म्हटलं, झकास.

२० जानेवारी
वॉलपेपरवर दहिसर नदी, कचरा वगळून. फोल्डरसाठी पितळी डबा. लॉगिनला नमुन्याचा एक चेहरा लागतो. देवदत्त म्हणाला, काल्पनिक काढ. काल्पनिक कशाला? आरशात बघून स्वतःचाच काढला: हनुवटीवर तीळ, जाड ओठ, पुढे आलेला दात. कॉलेजात याच दातावरून मला चिडवायचे. आता शाळाशाळांतली पोरं रोज बघतील. चिडवणारे बसू देत बोंबलत.

२७ जानेवारी
'आकार' नावाच्या कुणीतरी इंटरनेटवरून सुधारणा पाठवली. भाषा अगदी गोड: नमस्कार, चित्र लहान केलं की तीळ डागासारखा दिसतो, म्हणून पुसला आहे. आमच्या कामात हे रोजचंच. आयकॉन लहान होताना बारकावे गाळावेच लागतात. देवदत्तने लगेच मंजुरी दिली. संध्याकाळी तोंड धुताना पाहिलं तर हनुवटी कोरी. आईला फोन केला. ती म्हणाली, तुला तीळ होताच कधी?

३० जानेवारी
दात गेला. पडला नाही, दुखला नाही. आकारने सकाळी चित्रातला दात सरळ केला आणि डबा खाताना जीभ फिरवली तर सरळ रांग. घाबरले, खोटं कशाला बोलू? शेजारच्या टेबलावरची उत्तरा कोड लिहिते. तिने माझं पहिलं चित्र छापून भिंतीला चिकटवलंय. तिला दात आठवतो. "अगं, हसलीस की तोच आधी दिसायचा ना!" म्हणाली. मी तिला मिठीच मारली.
देवदत्तशी भांडले, चित्र मागे घे म्हटलं. तो म्हणाला, शाळांत पोचलंय, लोकांनी उतरवून घेतलंय, कुठून कुठून काढणार? आणि नवं छानच दिसतंय की.
छान? माझं तोंड आहे ते!

२ फेब्रुवारी
राजीनामा देऊन घरी बसले तरी चेहरा इथे बदलतच राहणार. पण कुणीही बदलावं हा नियम मलाही आहेच की. तीळ, दात, सगळं पुन्हा रेखाटलं. मंजुरीचा हक्क उत्तरालाही आहे, तिने लगेच दिली. आरशात तीळ! दोघी खाली जाऊन दाबेली खाऊन आलो. वर येतो तर आकारचा निरोप: नमस्कार, ओठांची रेघ लहान आकारात टिकत नाही.

३ फेब्रुवारी
नाकाखाली नुसती सपाट कातडी. उत्तरा रडतेय. देवदत्तने विचारलं, आज एवढी शांत कशी?
ओठ रेखाटले. तोंड उघडलं. पहिली शिवी त्यालाच घातली. अर्ध्या तासात पुन्हा पुसले —

५ फेब्रुवारी
कान गेले. उत्तरा कागदावर लिहिते: पळून जा. मी नकारार्थी मान हलवते. आकार पुसतो, मी रेखाटते. तो थकत नाही. मीही नाही —

६ फेब्रुवारी
डावा डोळा गेला. उजव्याने भागतंय. ओठ वाकडे आले. वाकडेच राहू देत, माझे आहेत.
आज चित्रात पेन धरलेला माझा उजवा हातही काढला. बघू दे त्याला, गाठ कुणाशी आहे ते. उत्तराने मंजुरी दिली आणि —
उत्तर आलं. नमस्कार, बोटं लहान आकारात वेगळी दिसत नाहीत, म्हणून —

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर घाण. चालेल. पेन डाव्यातही धरता येतं. तू पूस रे. मी पुन्हा ओठ रेखाट