शुक्रवारचा मिडरेंज

तीर्थरूप मामांस भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

मामा, माझी नोकरी टांगणीला लागली आहे. आमच्या दुकानातला प्रत्येक स्टिरिओ गिऱ्हाइकाच्या घरी जाण्याआधी मी ऐकून लावून देतो (ह्याला काम म्हणतात का, असं सासरे अजून विचारतात). दुकानाचा रिवाज असा, की सेटकडे पाठ करून बसायचं, तोंड गिऱ्हाइकांच्या बाकाकडे, हातात रिमोट. डोळ्यांनी कानांच्या कामात लुडबूड करायची नाही. आता लोकांच्या ऐकण्याबद्दल काय सांगू? बेस त्यांना कानाने कळतच नाही, पोटाने कळतो. छातीत धडधडलं की खूश. तोच सेट घरी नेऊन कोपऱ्यात कोंबतात, मग भिंती घुमायला लागतात आणि शिव्या मला. आवाज बारीक केला की आधी बेसच पळतो, तेव्हाही शिव्या मलाच. मिडरेंज, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, मात्र कोणी मागत नाही. माणसाचा गळा तिथेच असतो, पण त्याचं घरच्या माणसासारखं आहे, असेपर्यंत विचारत नाहीत. कमी झाला की गायक कपाटात बसून गातोय असं वाटतं, आणि जास्त झाला की कानात टाचण्या.

अडचण ह्या टाचण्यांचीच आहे. एका दातांच्या डॉक्टरांनी सेट परत आणला. बातम्या देणारी बाई बोलते की किंचाळते, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याकडे उघडी फरशी, जाड गालिचा टाका. त्यांनी टाकला, आणि सेट पुन्हा आणला. मग एका व्यायामशाळेचा आला, मग खुद्द मालकांच्या मेहुणीचा. तिथे सगळं संपलं. मालक एवढंच म्हणाले, "शुक्रवारी माझ्यासमोर लाव. नाही जमलं, तर त्या खुर्चीत दुसरा माणूस बसेल."

तालीम म्हणून काल दुकानात एकटाच बसलो आणि लेकीने धडा वाचल्याचं रेकॉर्डिंग लावलं. तिने खुर्ची सरकवली त्याची धडधड स्वच्छ. शब्द मात्र पुसट. मिडरेंज वाढवला. आणखी वाढवला. पार टोकाला नेला तेव्हा कुठे पोर नीट बोलू लागली, आणि तेवढ्यात शेजारचा चष्म्याच्या दुकानवाला कानात बोटं घालून धावत आला. सेटला नावं ठेवून मी वेळ मारून नेली. पण मामा, खरं सांगतो, सेटमध्ये काही खोट नव्हती. बाकी सर्व क्षेम.

आपला भाचा

ता. क. तुमचं कानाचं यंत्र, मामींचं सगळं बोलणं ऐकू येतं म्हणून, कपाटात पडून आहे असं कळलं. शुक्रवारच्या आत धाडून द्याल का? हिला कळता कामा नये.

आणखी एक ता. क. मामा, मी तुमची भाचेसून. ह्यांनी पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. यंत्र धाडू नका, ते तुमच्या कानाच्या मापाचं. कानाच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, पण ती सोमवारची मिळाली. दोन वर्षं मी ह्यांच्याशी वरच्या पट्टीत बोलते आहे. शेजाऱ्यांना वाटतं, आमचं रोज वाजतं. शुक्रवारी मी गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसणार आहे. मिडरेंज टोचला की कपाळाला आठी घालीन, बरोबर लागला की सोडीन. माझ्या कपाळावरची आठी ह्यांना लग्नापासून अचूक कळते.